ईव्ह ऑनलाइनमध्ये नऊ महिने: १३७ फुटलेली जहाजं, डी-स्कॅन आणि कोपऱ्यावरचा डबा

ईव्ह ऑनलाइन या अवकाशातल्या लढायांच्या खेळात १२ मेच्या रात्री बारा पन्नासला समोरच्या मर्लिन जहाजाची शील्ड आणि आर्मर ही बाहेरची कवचं संपून हलला, म्हणजे सांगाड्याला, हात लागला होता. माझं ट्रिस्टन त्याच्यापासून साडेआठ किलोमीटरवर, पाचही ड्रोन जिवंत, कॅपॅसिटर, म्हणजे जहाजातली वीज, निम्मा शिल्लक. फार तर दहा सेकंदांचं काम उरलं होतं. तेवढ्यात गल्लीतली लाइट गेली. लॅपटॉप बॅटरीवर चालू, राउटर इन्व्हर्टरवर चालू, पण राउटरवरचा इंटरनेटचा दिवा लाल झाला आणि पडदा गोठला. मोबाइलचं नेट लावून परत आत शिरेपर्यंत अडीच मिनिटं गेली. जहाज नव्हतं. लोकलमध्ये, म्हणजे त्या सूर्यमालेतल्या सगळ्या पायलटांची यादी आणि गप्पा दाखवणाऱ्या खिडकीत, त्यानं दोन अक्षरं लिहून ठेवली होती: जीएफ. लढत छान झाली, असा त्याचा अर्थ.

जहाजाचं वाईट वाटलं नाही. ते सव्वा कोटी इस्कचं (खेळातलं चलन) होतं आणि तशी आणखी आठ हँगरमध्ये उभी होती. वाईट त्या ‘जीएफ’चं वाटलं. त्याला वाटलं मी शेवटपर्यंत लढलो. मी तर शेवटाला हजरच नव्हतो.

ईव्हचा नियम असा आहे की दुसऱ्या खेळाडूवर हल्ला केला असेल, तर कनेक्शन तुटल्यावरही जहाज १५ मिनिटं अवकाशात राहतं. नियम अगदी योग्य आहे, नाहीतर हरायला आलेला प्रत्येकजण वायर उपटून सुटेल. पण आमच्या सांगलीच्या गल्लीत वायर उपटायला मी लागतच नाही. माझ्या वहीत १३७ हारी लिहिलेल्या आहेत आणि प्रत्येकीपुढे एक कारण. त्यातल्या ११ पुढे ‘लाइट’ असं लिहिलंय. १३७ मध्ये ११ म्हणजे फार नाहीत, हे मला कळतं. तरी हा अनुभव लिहायला बसलो तो त्या अकरांमुळेच.

खेळाची ओळख करून देत नाही. २००३ पासून चालू आहे, चीन सोडून सगळे एकाच ट्रँक्विलिटी सर्व्हरवर खेळतात, फुटलेलं जहाज परत मिळत नाही, एवढं वाचणाऱ्यांना ठाऊक असेलच. मीही इतरांसारखाच मोठ्या लढायांच्या बातम्या वाचून आलो. २०१४ च्या जानेवारीत बी-आर५आरबी मध्ये ७५ टायटन, म्हणजे खेळातली सर्वात मोठी जहाजं, एका दिवसात गेले, २०२० च्या अखेरीस एम२-एक्सएफई मध्ये २५७ गेले. ते वाचून वाटलं होतं, आपणही अशा गर्दीत कुठेतरी असावं. एकदा तशा एका मोठ्या ताफ्यात गेलोही. टाइम डायलेशन लागलं, म्हणजे सर्व्हरवर ताण आला की खेळातलं घड्याळच हळू चालतं, पार दहा टक्क्यांपर्यंत. दोन तास बसून मी सात वेळा लक्ष्य लॉक केलं आणि सांगितलं त्यावर बटण दाबलं. ज्यांना त्यात रस आहे त्यांचा मान राखून सांगतो, लढायला शिकायचं असेल तर ती जागा नव्हे. तिथे निर्णय दुसरंच कुणीतरी घेतं.

पहिले चार महिने मी खाणकाम केलं. व्हेंचर हे खाणीचं जहाज घेऊन दगड फोडायचे, खनिज विकायचं, जिता या खेळातल्या मोठ्या बाजारपेठेत जाऊन भाव बघायचे. हिशेब ठेवायची सवय असल्यामुळे त्यात मन रमलं. जानेवारीत एका संध्याकाळी हायसेक या सुरक्षित भागातून चुकून लोसेक या धोक्याच्या भागात गेट ओलांडलं आणि तीन सेकंदांत व्हेंचर गेलं. ज्यानं मारलं त्यानं खाजगी मेसेज करून विचारलं, नवीन आहेस का? मग तुझं ओव्हरव्ह्यू, म्हणजे आसपास काय आहे ती पडद्यावरची यादी, तपास, तुला गेटवर माणसं दिसतच नसणार. खरंच दिसत नव्हती. मी चाळण्या अशा लावल्या होत्या की लघुग्रह सगळे दिसत आणि पायलट गायब. त्या रात्री जेवण झाल्यावर अडीच तास मी फक्त ओव्हरव्ह्यू लावत बसलो. तिथून लढाईकडे वळलो.

माझा गुरू डब्लिनला राहणारा एक नागपूरकर. खेळातच भेटला, आवाजावरून मराठी कळला. मी त्याला भाऊ म्हणतो. त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं की मोठं जहाज घ्यायचं नाही, गॅलेंटे मिलिशियात, म्हणजे खेळातल्या एका राष्ट्राच्या सैन्यात, नाव घालायचं, साधी टी-वन (पहिल्या दर्जाची) फ्रिगेटं, म्हणजे छोटी जहाजं, दहाच्या थप्पीनं विकत घ्यायची आणि दहाही फोडून यायचं. हिशेब ठेवणाऱ्या माणसाला हे पचत नाही. मी पाच घेतली. ती चार रात्रींत संपली. मग दहा घेतली.

कॅलडारी आणि गॅलेंटे या राष्ट्रांमधल्या ब्लॅक राइजच्या पट्ट्यात फॅक्शन वॉरफेअर, म्हणजे त्यांच्या मिलिशियांचं युद्ध, चालतं. तिथल्या बहुतेक कॉम्प्लेक्सना, म्हणजे लढायच्या ठरलेल्या जागांना, आकाराची अट असते. छोट्या कॉम्प्लेक्सच्या गेटमधून छोटंच जहाज आत येऊ शकतं, त्यामुळे क्रूझरवाला बाहेर कितीही घिरट्या घालो, आत तुम्ही आणि तुमच्याच वजनाचा दुसरा. कुस्तीच्या मैदानात वजनगट लावतात तसंच आहे हे, आणि नवीन माणसाला शिकायला यापेक्षा चांगली सोय मला दिसलेली नाही. शिवाय बाहेरून येणारा गेटमधून आला की ठरलेल्या जागीच उतरतो. आत आधीपासून बसलेला त्या जागेपासून किती लांब थांबायचं ते स्वतः ठरवतो. अर्धी लढाई त्या अंतरात आहे.

अंतराचं गणित थोडक्यात सांगतो, कारण मला ते कळायला दोन महिने लागले. टी-टू (वरच्या दर्जाचा) स्क्रॅम, म्हणजे समोरच्याला पळू न देणारं यंत्र, ९ किलोमीटरपर्यंत पोचतो, तापवला, म्हणजे थोडा वेळ जास्त ताणला, तर १०.८. समोरच्याचा वेग पाडणारा वेब १० पर्यंत. ब्लास्टर ही तोफ त्याच्या बराच आत, अगदी अंगाला खेटून मारतो. माझं ट्रिस्टन ड्रोनवर चालतं आणि ड्रोनना मी किती लांब उभा आहे याच्याशी देणंघेणं नाही. म्हणून ब्लास्टरवाल्याला मी ८ ते ९ किलोमीटरच्या पट्टीत धरून ठेवू शकलो तर तो मला फारसं मारू शकत नाही. त्याला पट्टी ओलांडता आली तर माझी बारा-पंधरा सेकंदं उरतात. स्क्रॅम लागला की मायक्रोवार्पड्राइव्ह (जास्त वेगाचं इंजिन) बंद पडतो, आफ्टरबर्नर (कमी वेगाचं) पडत नाही, म्हणून या खेळात मी आफ्टरबर्नरच लावतो. मी कुपवाडला सीएनसी मशिनवर काम करतो. तिथेही टूल कितीही महागडं असो, फीड चुकला की जॉब गेला. इथे फीडच्या जागी अंतर आहे.

ड्रोनबद्दल एक गोष्ट. ट्रिस्टनमध्ये एका वेळी पाच हलके ड्रोन उडतात, पोटात आणखी तीन बसतात. शील्डवर भर असलेल्या जहाजासमोर अकोलाइट सोडावेत, कारण ते ईएम, म्हणजे विद्युतचुंबकी मारा करतात आणि शील्ड त्याला सर्वात कच्ची. आर्मरवाल्यासमोर वॉरियर. मी तीन महिने सगळ्यांसमोर हॉबगॉब्लिनच सोडत होतो, कारण ते स्वस्तात घेऊन ठेवले होते आणि संपवायचे होते. काटकसरीचा तो प्रकार महाग पडला.

आता डी-स्कॅन. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण १३७ पैकी ५८ हारींपुढे माझ्या वहीत एकच कारण आहे: आत जाण्याआधी बघितलं नाही.

डी-स्कॅन, म्हणजे दिशादर्शक स्कॅनर, ही एक साधी यादी. व्ही दाबायचा, १४.३ खगोलीय एककांच्या आत काय काय आहे त्याची नावं समोर येतात. कोन ३६० अंशांपासून ५ अंशांपर्यंत आवळता येतो. ३६० वर एक मर्लिन आणि दोन केस्ट्रेल दिसली, की कॅमेरा एकेका कॉम्प्लेक्सकडे वळवायचा, कोन ५ करायचा आणि परत व्ही. ज्या दिशेला मर्लिन यादीत राहिली तिथे ती आहे. केस्ट्रेल तिथे नसतील तर तो एकटा आहे. मग लोकलमधून त्याचं नाव घेऊन झेडकिलबोर्ड या फुटलेल्या जहाजांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर बघायचं: हा माणूस मर्लिनमध्ये कसा लढतो, एकटा लढतो की मदत बोलावतो, गेल्या महिन्यात कोणाला हरला. हे सगळं वीस सेकंदांत व्हायला हवं, आणि तेवढ्यात तोही तुमच्याबद्दल हेच करत असतो.

सुरुवातीला मी कॉम्प्लेक्सच्या गेटवर जाऊन एकदा व्ही दाबत होतो. भाऊ कानात ओरडायचा, “काय करून राहिला बे? दाबत राहा ना! दोन सेकंदांपूर्वीचं जग गेलं आता!” आता दर दोन-तीन सेकंदांनी बोट आपोआप जातं. आत बसून वाट बघताना तर सतत. बाहेर एखादं जहाज यादीत आलं, पुढच्या वेळी गेलं, तिसऱ्या वेळी परत आलं, यातूनही कळतं की कोणीतरी ग्रहाग्रहांवर उड्या मारत मलाच शोधतोय. मुलाखतीला आलेल्या माणसाच्या पावलांचा आवाज जिन्यात ऐकावा तसं वाटतं. माझ्या की-बोर्डवरच्या व्हीचं अक्षर अर्धं पुसलं गेलंय.

आणखी एक आनंदाची गोष्ट इथेच सांगतो. सांगलीहून लंडनच्या सर्व्हरपर्यंत मला १६० मिलिसेकंदांच्या आसपास पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) मिळतो. बंदुकीच्या खेळांत एवढ्या पिंगवर मी वर्षानुवर्षं मार खाल्ला. ईव्हचा सर्व्हर सेकंदाला एक ठोका मोजतो, सगळ्यांच्या आज्ञा त्या ठोक्यावर अमलात येतात. त्यामुळे लंडनमध्ये बसलेला आणि माझ्यासारखा विश्रामबागेत बसलेला यांत जाणवण्याइतका फरक राहत नाही. हरलो तर माझ्या डोक्यामुळे हरतो. हे मला कुठल्याही खेळात पहिल्यांदा मिळालं. रोजचा डाउनटाइम, म्हणजे सर्व्हर बंद ठेवायची वेळ, आपल्या दुपारी साडेचारला, त्यामुळे नोकरी करणाऱ्याला अडचण नाही. खरी गर्दी मात्र युरोपच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्या मध्यरात्रीनंतर. त्याची तयारी ठेवा.

वरचं सगळं मेमध्ये लिहून ठेवलं होतं. इथून पुढचं जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लिहितोय आणि दोन मतं बदललीत.

पहिलं डी-स्कॅनबद्दल. मी मूळ मजकुरात लिहिलं होतं की डी-स्कॅन खोटं बोलत नाही. ते वाक्य काढून टाकलं. मेच्या अखेरीस टामामध्ये एका मोकळ्या, आकाराची अट नसलेल्या कॉम्प्लेक्समध्ये मी एका इनकर्ससशी लढत होतो. स्कॅनवर त्या कॉम्प्लेक्सच्या दिशेला त्याच्याशिवाय कोणी नव्हतं, मी दर दोन सेकंदांनी बघत होतो. अचानक चाळीस किलोमीटरच्या पुढून मला कोणीतरी धरलं. लॅचेसिस नावाचं जहाज होतं. कॉम्बॅट रेकॉन जातीची जहाजं डी-स्कॅनवर दिसतच नाहीत, हे मला तोवर माहीत नव्हतं. भाऊला सांगितलं तर तो शांतपणे म्हणाला, “लोकल मोजलं होतं का?” लोकलमध्ये तेव्हा सहा जण होते, स्टेशनात कोणी नव्हतं आणि स्कॅनवर माझ्यासकट चार जहाजं. दोन माणसं कमी भरत होती. आकडा माझ्या समोर होता. तेव्हापासून यादी वाचतो तेवढ्याच वेळा लोकल मोजतो, आणि फरक पडला की फक्त छोट्या जहाजांच्या कॉम्प्लेक्समध्येच शिरतो, तिथे रेकॉन येऊ शकत नाही.

दुसरं मत ओमेगाबद्दल, म्हणजे पैसे भरून घेतलेल्या खात्याबद्दल. मी ठामपणे लिहिलं होतं की लढायला पैसे भरायची गरज नाही, अल्फा क्लोन, म्हणजे फुकट खातं, पुरे आहे. एप्रिलमध्ये मोह झाला म्हणून एक महिना भरला. १९.९९ डॉलर, म्हणजे सतराशे रुपयांच्या आसपास. हा आकडा माझ्या घरच्या महिन्याच्या दुधाच्या बिलाएवढा आहे, म्हणून तीन दिवस विचार केला होता. असॉल्ट फ्रिगेट, म्हणजे फ्रिगेटचाच महागडा प्रकार, चालवलं. जहाज उत्तम, पण एकेकाची किंमत माझ्या दहा ट्रिस्टनएवढी. ती जपायच्या नादात मी लढाया टाळू लागलो. महिन्यात अठरा लढती झाल्या, आधीच्या महिन्यात त्रेचाळीस झाल्या होत्या. तेव्हा माझं मत आणखी पक्कं झालं होतं. आता मात्र वाटतं, त्या महिन्यात एक गोष्ट कामाची झाली. अल्फाला ५० लाख स्किल पॉइंटला प्रशिक्षण थांबतं आणि मी त्या भिंतीला टेकलो होतो. त्या तीस दिवसांत ड्रोनची आणि नेव्हिगेशनची मूळ कौशल्यं पुढे गेली, जी अल्फा झाल्यावरही वापरता येतात. म्हणून ज्याला विचारायचं असेल त्याला मी आता सांगेन: पहिले पाच महिने एक रुपया भरू नका, मग परवडत असेल तर एकच महिना भरा, आणि त्या महिन्यात महाग जहाज घेऊ नका.

आता मर्लिनवाल्याकडे येतो. लाइट गेली त्या रात्री मी त्याला पत्र लिहिलं. माझ्या भागात वीज गेली होती, लढत अर्धीच झाली, तुझी हरकत नसेल तर पुन्हा लढू. खेळातलं पत्र, उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी आलं. शनिवारी, त्याच कॉम्प्लेक्समध्ये, एकटा येईन. आणि पुढे: तू आत थांब, मी येतो. म्हणजे अंतर ठरवायचा फायदा त्यानं मला दिला.

शनिवारी लाइट होती. मी उतरायच्या जागेपासून साडेआठवर थांबलो, अकोलाइट भरले, स्क्रॅम तापवायला तयार ठेवला. तो आला, मी धरलं, ड्रोन सोडले. त्याची शील्ड अर्ध्यावर येईपर्यंत सगळं वहीत लिहिल्याप्रमाणे चालू होतं. मग माझा वेग अचानक पडला, आधी कधी पडला नव्हता एवढा. त्यानं दुसरा वेब लावला होता. १२ मेच्या किलमेलमध्ये, म्हणजे जहाज फुटल्याच्या नोंदीत, माझ्या जहाजाचा प्रत्येक मॉड्यूल जगाला वाचता येत होता. तो त्यानं वाचला होता आणि अंतरच राहू नये अशी व्यवस्था करून आला होता. साडेआठचे सात झाले, सातचे चार, आणि ब्लास्टरनी पुढचं काम केलं. त्याची हल २२ टक्के उरली होती.

जीएफ यावेळी मी आधी लिहिलं. त्यानं लगेच आपली फिट, म्हणजे जहाजावर काय काय लावलंय ती यादी, पाठवली आणि कुठे घाबरला होता ते सांगितलं: तू चौथ्या सेकंदाला ड्रोन परत बोलावून माझ्या उलट दिशेला सरळ पळाला असतास, तर दुसरा वेब लागायच्या आत तू बाहेर होतास. हे मला कुठल्याही व्हिडिओत मिळालं नव्हतं. समोरच्याचा जीव घेऊ पाहणारा माणूस लढत संपल्यावर बसून शिकवतो, असा खेळ मी दुसरा पाहिलेला नाही. याच एका कारणासाठी मी नऊ महिने टिकलो. त्यानंतर आम्ही चारदा लढलो. एकदा मी जिंकलो.

राहिला नेटचा प्रश्न. मी आधी समजलो होतो की दोष घरातल्या राउटरचा, इन्व्हर्टरवर जाताना तो एक झटका खातो. म्हणून १४५० रुपये देऊन राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस आणला. पुढच्या वेळी लाइट गेली, राउटर डोळा न मिटता चालू राहिला आणि इंटरनेटचा दिवा तरी लालच. ते १४५० रुपये वाया गेले, हे इथे स्पष्ट लिहितो म्हणजे दुसऱ्या कोणाचे जाऊ नयेत. आधी हे बघा: लाइट गेल्यावर शेजाऱ्याचं नेट चालतं का? आमच्याकडे सगळ्यांचंच बंद होत होतं. नेट देणाऱ्याकडे चार तक्रारी केल्या, चारही ‘निवारण झालं’ असा मेसेज येऊन बंद झाल्या. शेवटी खांबावर चढणाऱ्या मुलानंच सांगितलं की कोपऱ्यावरच्या डब्यात स्विच आहे, त्याची बॅटरी दिवाळीपासून मेलीय, साहेब बदलत नाहीत. मग मी आणि खालच्या मजल्यावर ऑनलाइन फॉर्म भरून देणारा दुकानदार, ज्याचं माझ्यापेक्षा खूप जास्त नुकसान होत होतं, असे दोघं मिळून त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो. तास-दीड तास बसलो. ९ जूनला नवी बॅटरी आली.

परवा रात्री पावसाबरोबर लाइट गेली. अकरा चाळीस झाले होते. मी स्टेशनातच होतो, ट्रिस्टनमध्ये अकोलाइट भरत. दिव्याकडे बघत पूर्ण पाच मिनिटं बसलो. हिरवा होता, हिरवाच राहिला. मग अनडॉक केलं आणि व्ही दाबला.